चारशे बारा डब्यांची जबाबदार व्यक्ती

"डेटाबेस? मॅडम, माझ्या फाइलींपुढे तुमचा डेटाबेस पाणी भरेल, पाणी!"

सोमवारच्या मीटिंगमध्ये तारमास्तर छाती पुढे काढून हे बोलले आणि खुर्चीत असे काही मागे रेलले, की खुर्ची कुरकुरली. इस्पितळाच्या पाच इमारतींतलं कॉम्प्युटरचं जाळं गेली एकोणीस वर्षं या एकट्या माणसाच्या ताब्यात होतं. भिंतींतून तारा ओढल्या त्यांनी, म्हणून सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे दिसत नसे.

नव्या विभागप्रमुख मॅडमना येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"मास्तर, जाळ्यात तारा जोडायचे डबे किती?"

"चारशे बारा!"

"तिसऱ्या मजल्यावरच्या एक्सरेच्या खोलीतला कुठे जोडलाय?"

"कोपऱ्यातल्या कपाटात, वरून दुसऱ्या डब्यात, डावीकडून सातवं भोक!" मास्तरांनी डोळे मिटूनच सांगितलं.

"वा! आणि तुम्ही रजेवर असलात तर?"

"मी रजा घेत नाही."

हे मात्र खरं होतं. चार वर्षांत मास्तरांनी एकही रजा घेतली नव्हती. रजा घेऊन करायचं काय, हा प्रश्न होता. पण तो मीटिंगमध्ये कोण सांगत बसणार?

"मग असं करा," मॅडम म्हणाल्या, "चार दिवस दोन्ही वापरा. तुमच्या फाइली आणि डेटाबेस. शुक्रवारी तुम्हीच अहवाल लिहा, काय ठेवायचं ते. तुम्ही लिहाल तेच मी मान्य करीन. फक्त प्रामाणिकपणे लिहा."

आता मास्तरांच्या फाइली म्हणजे काय, तेही सांगायला हवं. प्रत्येक इमारतीची एक साधी फाइल. नुसता मजकूर, एका ओळीत एक डबा. डबा म्हणजे चोवीस तारा खुपसलेला, बारीक दिवे लुकलुकणारा पत्र्याचा डबा. डब्याचा नंबर, जागा, कुठली तार कुठे जाते, मग एक कायमचा कोरा रकाना आणि शेवटी मास्तरांचा शेरा. "हा डबा उन्हाळ्यात रुसतो." "इथे उंदीर येतात, बोट जपून." "औषधाच्या खिडकीवरचा माणूस चिडका आहे, आधी तब्येत विचारावी." त्या फाइली मास्तरांशिवाय कुणाला वाचता येत नसत. "वरचा डावा" म्हणजे कशाचा वरचा नि कुठून डावा, हे त्यांनाच ठाऊक!

त्यामुळे व्हायचं काय, की कुठे काही बंद पडलं की अख्खं इस्पितळ तळघरात फोन लावायचं. दोनशे सतरा नंबर, बाहेरूनही थेट लागणारा. दिवसाला पन्नास-साठ फोन! "मास्तर, प्रिंटर दिसत नाही." "मास्तर, कुठली तार काढू?" मास्तर वैतागल्यासारखं दाखवायचे, "एक मिनिट श्वास घेऊ देत नाहीत लेकाचे!" म्हणायचे, आणि दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलायचे.

कारण घरी फोन वाजतच नसे. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात, नोकरीत बुडालेली. रविवारी तिचा मोबाइलवर फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते. मास्तर फार एकटे पडले होते, आणि दिवसभर कुणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारायचं ते फक्त दोनशे सतरावर. डेटाबेस आला की प्रत्येक वॉर्डात स्क्रीनवर सगळं आपोआप दिसणार. मग फोन कोण कशाला करील? फाइली गेल्या की फोन गेला, एवढं साधं गणित होतं. आणि म्हणून फाइली जायला नको होत्या.

पण माणूस प्रामाणिक! मीटिंगमधून उतरले ते थेट चारशे बारा डबे डेटाबेसात भरायला बसले.

पहिल्याच डब्याला अडले. "जबाबदार व्यक्ती" असा एक रकाना होता. फाइलीत हा रकाना मास्तरांनी एकोणीस वर्षं रिकामा सोडला होता. फाइल बिचारी काही बोलत नसे. डेटाबेस बोलला! लाल अक्षरात म्हणाला, हा रकाना भरणे आवश्यक आहे. मास्तरांनी रेघ मारली. लाल. टिंब दिलं. लाल! शेवटी त्यांनी दात ओठ खाऊन स्वतःचं नाव घातलं आणि पुढे दोनशे सतरा. झालं हिरवं!

आणि मग त्यांच्या डोक्यात वीज चमकली. सगळीकडे आपलंच नाव घातलं तर? लोक स्क्रीन बघतील, जबाबदार व्यक्ती शोधतील, फोन लावतील... दोनशे सतराला! फाइल असो नाहीतर डेटाबेस, फोन वाजणारच! मास्तरांनी स्वतःची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली आणि चारशे बारा ओळींत स्वतःचं नाव चिकटवून टाकलं.

खाली आणखी एक रकाना निघाला. "पर्यायी व्यक्ती." इथे पुन्हा स्वतःचं नाव घातलं तर लाल. मोबाइल नंबर घातला तरी नाव तेच, म्हणून लाल. मास्तर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. आठवून आठवून एकच नंबर आठवला, घरचा जुना फोन. बायको होती तेव्हाचा, काढून टाकायचा राहिलेला. तो घातला. नावाच्या जागी लिहिलं, "घरचे". घरी कुणी नव्हतं, पण डेटाबेसाला ते कुठे माहीत होतं? हिरवं झालं.

मंगळवार उजाडला. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. फोन नाही! लोक स्क्रीनवर बघत होते, हवी ती तार हवी तिथे लावत होते आणि आपापल्या कामाला लागत होते. जबाबदार व्यक्तीची कुणाला गरजच पडत नव्हती. मास्तरांनी रिसीव्हर उचलून आवाज येतोय का पाहिलं. येत होता. मग जिन्यात जाऊन, जिथे मोबाइलला रेंज येते तिथून, स्वतःच दोनशे सतराला फोन लावला. खाली तळघरात घंटी वाजली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! धावत जाऊन उचलायला निघाले होते, तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं की हे आपणच.

बुधवारी रंगारी आले.

दुसऱ्या इमारतीला रंग द्यायचा होता म्हणून तिथली वीज बंद केली. चौसष्ट डबे एकदम विझले. आणि दोनशे सतरा खणाणला!

"बोला, तारमास्तर बोलतोय!" मास्तरांचा आवाज आनंदाने फुटला.

"नमस्कार," पलीकडे एक गोड बाई बोलली. "आदरणीय जबाबदार व्यक्ती, डबा क्रमांक दोन, शून्य, एक, यांच्याशी संपर्क तुटला आहे. आपण ही सूचना ऐकली असल्यास, एक दाबा."

"अहो बाई, तिथे रंगकाम चाललंय."

"आपण ही सूचना ऐकली असल्यास, एक दाबा."

मास्तरांनी एक दाबला. फोन ठेवला. फोन वाजला. "नमस्कार. आदरणीय जबाबदार व्यक्ती, डबा क्रमांक दोन, शून्य, दोन..."

बाई काही घाईत नव्हती. एकेका डब्याला पुरती दोन मिनिटं घ्यायची! डब्याचं नाव, गाव, कूळ सगळं सांगून मग एक दाबायला लावायची. आणि चौसष्ट डबे रांगेत उभे. डेटाबेसाचा नियम असा, की दहा मिनिटांत जबाबदार व्यक्तीने एक दाबला नाही, तर पर्यायी व्यक्तीला फोन जातो, आणि मग डबा सुरू झाला तरी, जबाबदार व्यक्ती स्वतः एक दाबेपर्यंत, दर दहा मिनिटांनी जातच राहतो. डबा दुसऱ्या दिवशीही बंदच असला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून! पाच डबे होईतो बाकीच्या एकोणसाठांची दहा मिनिटं उलटली होती.

इकडे तिसऱ्या वॉर्डाच्या सिस्टरच्या टेबलावर रिपोर्ट येईनासे झाले. डेटाबेस म्हणत होता, सगळं ठीक. सिस्टरनी दोनशे सतरा लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज! अर्ध्या तासाने सिस्टर चपला वाजवत स्वतःच तळघरात उतरल्या. त्या खोलीत बाहेरचं माणूस किती वर्षांनी आलं होतं कोण जाणे.

"मास्तर! कुणाशी गप्पा मारताय अर्धा तास?"

मास्तरांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "बसा ना सिस्टर." पण बसणार कुठे? खोलीत खुर्ची एकच. सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं. डब्यांच्या रांगा, वायरींची भेंडोळी आणि टेबलाच्या कोपऱ्यावर एकाच माणसाचा बारकासा डबा.

"इथेच जेवता? एकटेच?"

"गडबड नसते इथे," मास्तर म्हणाले. "तुमचं काय बिघडलंय?"

सिस्टरनी सांगितलं. मास्तरांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. तिसऱ्या वॉर्डाच्या ओळीला शेरा होता, "सिस्टरच्या टेबलाखाली जोड आहे. त्या चिडल्या की पाय आपटतात आणि तार निघते." डेटाबेसाच्या शेऱ्यात जेमतेम वीस अक्षरं मावायची, त्यामुळे तिथे नुसतं "सिस्टरच्या टेबलाखाली जोड आहे" एवढंच पोचलं होतं. वर जाऊन मास्तरांनी टेबलाखाली शिरून तार खोचली. रिपोर्ट धडाधड यायला लागले. फाइल जिंकली! फक्त तो शेरा सिस्टरनी खांद्यावरून वाचला होता, आणि त्या पाय न आपटता उभ्या राहायचा फार प्रयत्न करत होत्या.

हे चाललं असताना तिकडे मास्तरांच्या बंद घरात काय झालं? चार वर्षं मुका असलेला फोन वाजायला लागला. थांबला, वाजला. थांबला, वाजला. शेजारच्या काकूंनी आधी टीव्हीचा आवाज वाढवला. पंधराव्या वेळी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे फोन म्हणजे काहीतरी वाईटच! त्यांनी मास्तरांच्या लेकीला फोन लावला.

"अगं, तुझ्या बाबांच्या घरी सारखा फोन वाजतोय! काही कळलंय का तुला?"

लेकीने बाबांचा मोबाइल लावला. तळघरात रेंज नाही. दोनशे सतरा लावला. एंगेज. मग इस्पितळाच्या स्वागतकक्षाला लावला आणि बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. तिथल्या बाईंनीही कालच नवीन डेटाबेस उघडायला शिकून घेतला होता. नाव घातलं की माणूस कुठल्या खोलीत आहे ते दिसतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

"हां, सापडले," बाई म्हणाल्या. "अतिदक्षता विभागात आहेत."

लेक ओरडलीच. "काय झालंय त्यांना?"

"थांबा हं... शस्त्रक्रियागृहातही दाखवतंय. एक्सरे. हृदयविभाग. त्वचारोग..."

"अहो, एक माणूस इतक्या ठिकाणी कसा असेल?"

"बऱ्याच तपासण्या काढल्या असतील ना." बाईंनी स्क्रीन खाली सरकवला आणि त्यांचा आवाज जरा घुटमळला. "आणि... प्रसूतिकक्षात."

"प्रसूतिकक्षात? अहो, माझे वडील आहेत ते! छप्पन वर्षांचे!"

"ताई, मी फक्त स्क्रीनवरचं वाचतेय. बाकीचं तुम्ही डॉक्टरांना विचारा."

गुरुवारी सकाळी पहिल्या विमानाने लेक हजर! हातात बॅग, डोळे सुजलेले. अतिदक्षता विभागात घुसली, बाबा नाहीत. शस्त्रक्रियागृहाच्या दारावर थापा मारल्या, तिथे नाहीत. प्रसूतिकक्षात "माझे बाबा कुठे आहेत?" म्हणून ओरडली, तेव्हा बाहेर बसलेले तीन नवे बाबा एकदम उठून उभे राहिले! शेवटी तिसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर मागून धावत आल्या.

"तू तारमास्तरांची लेक का? अगं, काही झालं नाही त्यांना. खाली आहेत, तळघरात. कालच तर माझ्या टेबलाखाली होते."

हे ऐकून लेकीचा गोंधळ आणखीच वाढला. ती जिना उतरली. तळघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत बाबा पाठमोरे बसले होते, रिसीव्हर कानाला लावून, आणि फार मऊ आवाजात बोलत होते.

"हो बाई, ऐकतोय... दोन, चार, एक, बरं... रंग अजून ओला आहे हो, उद्यापर्यंत चालेल हे... सकाळपासून बोलताय, घसा नाही का दुखत? मी पण अजून जेवलो नाही... हो हो, दाबतो..."

लेक दारातच थबकली. बाबांच्या आयुष्यात कुणी बाई! चार वर्षांत एका शब्दाने बोलले नाहीत! तिला राग यावा की आनंद व्हावा ते समजेना.

"बाबा, कोण आहे?"

मास्तर खुर्चीतून पडता पडता राहिले. "अगं! तू? इथे? कधी आलीस? काय झालं?"

"आधी सांगा, कोण आहे फोनवर?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. लेकीने हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला. पलीकडची बाई तिलाही तितक्याच गोडीने म्हणाली, "आपण ही सूचना ऐकली असल्यास, एक दाबा."

लेकीने ते दोनदा ऐकलं. मग तिने एक दाबला, रिसीव्हर ठेवला आणि वायरींच्या भेंडोळ्यावर बसून रडायला लागली. मास्तर तिच्यासमोर उभे राहून "अगं, मशीन आहे ते, नुसतं मशीन आहे," असं पुन्हा पुन्हा सांगत होते. आपण समजूत काढतोय असं त्यांना वाटत होतं. ती जास्तच रडत होती.

शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. मॅडमनी कागद हातात घेतला, वाचला, उलटा करून पाठीमागे काही आहे का तेही पाहिलं. एकच ओळ होती. डेटाबेस ठेवावा.

"मास्तर! तुम्ही तर फाइलवाले! शिवाय चार दिवसांत या डेटाबेसाने इस्पितळ डोक्यावर घेतलं, तुमच्या मुलीला प्रसूतिकक्षात फिरवलं. आणि तरी?"

"घोळ मीच घातला, मॅडम. सगळीकडे स्वतःचं नाव चिकटवलं. लोकांनी फोन करावा म्हणून." मास्तर बुटांकडे बघत होते. "फाइलीत रकाना रिकामा सोडता येतो. मी एकोणीस वर्षं सोडला. डेटाबेस सोडू देत नाही. कोणाला कळवायचं ते विचारतोच."

मॅडमनी पेन उचललं. "हे कारण तांत्रिक आहे का?"

"ते मला माहीत नाही."

मॅडमनी सही केली. शेऱ्याची वीस अक्षरं वाढवून चारशे केली. डबे ज्या त्या वॉर्डाच्या नावावर गेले. मास्तरांकडे उरले तळघरातले अकरा. त्या अकरांच्या पर्यायी व्यक्तीच्या रकान्यात लेकीने जाण्याआधी स्वतःच्या हाताने स्वतःचा नंबर घातला आणि "घरचे" खोडून पुढे लिहिलं, "मुलगी". सिस्टरनी मास्तरांना रोज दुपारी वर जेवायला बोलावलं. मास्तर दोन दिवस गेले. वर सगळे जण डबा उघडून मोबाइलमध्ये बघत जेवायचे, म्हणून तिसऱ्या दिवसापासून पुन्हा खालीच.

तीन आठवड्यांनी एका दुपारी अकरा नंबरचा डबा विझला. खुर्चीतून नुसता हात लांबवला तर तार खोचता आली असती, इतका जवळचा डबा. दोनशे सतरा वाजला. गोड बाई म्हणाली, एक दाबा. मास्तरांनी रिसीव्हर ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली. अकराव्या मिनिटाला पुन्हा वाजला.

"बाबा."

"बोल गं! कशी आहेस?"

"अकरा नंबरचा डबा बंद आहे म्हणे, आणि जबाबदार व्यक्ती उत्तर देत नाहीये."

"हो अगं, तार ढिली झाली."

"आपोआप?"

मास्तरांनी तारेचं सुटं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाबा, या महिन्यात ती चौथ्यांदा ढिली झालीय."

"जुनी आहे फार."

पलीकडे लेक हसली की तिने सुस्कारा सोडला, ते मास्तरांना नीट कळलं नाही. "बाबा, तार न उपटताही मला फोन लावता येतो. माझा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"तू कामात असतेस."

"असते. तरी लावा. वाटलं की लावा. समजलं?"

"समजलं," मास्तर म्हणाले. आणि मग दोघं चांगली वीस मिनिटं बोलली. काय बोलली? जावयाची सर्दी, काकूंचा टीव्ही, काहीबाही.

फोन ठेवल्यावर मास्तरांनी तार घट्ट खोचली. खोलीभर दोन चकरा मारल्या. इतकी साधी गोष्ट चार वर्षं आपल्याला सुचू नये याचं त्यांना हसू आलं. तासाभराने तिला एक गोष्ट सांगायची राहून गेल्याचं आठवलं. तशी फार महत्त्वाची नव्हती, पण ती म्हणाली होती ना, वाटलं की लावा? मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, काहीही बिघडलेलं नसताना, लेकीचा नंबर फिरवला.

एंगेज!

पाच मिनिटांनी लावला तर लेकीनेच उचलला, आणि ती भयंकर वैतागलेली होती.

"बाबा! तुमची ती बाई तासभर दर दहा मिनिटांनी माझं डोकं खातेय! तुम्ही एक दाबलाच नाहीत!"